सात नंबर

लाशा पोलंडला गेला, कोंबड्यांच्या कारखान्यात,
जाताना टीव्हीखालचा खोका मागे ठेवून गेला.
म्हणाला, बाबांना शिकव. नुसते बसून राहतात.

कुताइसीत डिसेंबरात लवकर अंधारतं,
रिओनी नदीवरचा गारठा जिना चढून वर येतो.
आणि खोक्यातल्या त्या बेटावर बारा महिने ऊन,
ताडाची झाडं, उघडी बंदरं,
आणि दिसेल ती गाडी आपली:
काच फोडायची, आतल्याला ओढून काढायचं, निघायचं.
मी करून दाखवलं.
बाबा म्हणाले, आणि त्या माणसाने घरी कसं जायचं?

दोन दिवस ते फुटपाथवरून पायीच हिंडले.
तिसऱ्या दिवशी गोदीमागे एक बेवारस मिनीबस सापडली.

एकवीस वर्षं बाबांनी सात नंबरची मार्शरुत्का हाकली,
वडापच म्हणा, सोळा सीट आणि बावीस माणसं.
बेट त्यांनी आठवड्यात तोंडपाठ केलं.
दीपगृहाला ते बाजार म्हणायचे, कॅसिनोला रेल्वे स्टेशन.
प्रत्येक थांब्यावर थांबून मनात पाच मोजायचे.
कुणी चढत नसे. चढायची सोयच नाही त्या खेळात.
लाल दिव्याला ते उभे, मागून हॉर्न, शिव्या,
एकदा तर कुणीतरी टपावर रॉकेट सोडलं.
"घाईत असेल," बाबा म्हणाले.

लाशा फोनवर विचारायचा, अपग्रेड काय घेतलं?
चिलखती पत्रा घ्या, नायट्रो घ्या, गोळी न शिरणारी टायरं घ्या.
बाबांनी ब्रेक घेतले.
मग त्याहून चांगले ब्रेक.
मग सगळ्यात महागडे, जे लाशानेही कधी घेतले नव्हते,
आणि उरल्यासुरल्यात पिवळा रंग.

जानेवारीत, आमच्या नाताळच्या आदल्या रात्री,
बोगद्याच्या तोंडाशी एक बाई आडवी आली.
निळा ड्रेस, हातात कागदी पिशवी.
अशा शेकडो बाया आहेत त्या बेटावर, एकाच साच्यातल्या.
ब्रेक लागले.
तरीही.

बाबा उतरले, म्हणजे त्रिकोणाचं बटण दाबलं,
आणि तिच्यापाशी जाऊन उभे राहिले.
अंगठा एकेक बटण चाचपत गेला:
एकाने मूठ उगारली, एकाने उडी मारली,
एकाने बंदूक बाहेर आली, ती त्यांनी घाईघाईने आत ठेवली.
वाकायचं बटण सापडलं. ते वाकले.
हात लावायचं बटण नव्हतं.

बाई विरून गेली. पिशवी आधी, मग ती.
पोलीस आले, काही न विचारता गोळ्या.
काळा पडदा. मग इस्पितळाची पायरी, तेच ऊन,
आणि कोपऱ्यात तांबड्या अक्षरांत: वजा दोनशे.

बाबांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.
"दोनशे?" म्हणाले.
"एवढेच?"

रिकोतीच्या घाटाबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही.
मी अकरा वर्षांची होते. वऱ्हाड सोडून ते परतत होते.
गाय गेली, मग द्राक्षांची पट्टी, मग आईच्या बांगड्या.
लायसन्स त्यांनी स्वतःच नेऊन दिलं,
कोर्टाने मागितलं नसताना.
दर ईस्टरला टोपली घेऊन ते खारागौलीला जातात, एकटे,
बसमध्ये मागच्या सीटवर बसून.
टोपली परत येते, कधी रिकामी, कधी तशीच.

वाटलं, खोका आता उचलून ठेवावा.
लाशाचा मेसेज आला: नवं हेलिकॉप्टर आलंय, घेऊ का?
रात्री दीडला पाणी प्यायला उठले
तर बैठकीत निळा उजेड.
पिवळी गाडी बोगद्याच्या अलीकडे, दिवे मंद केलेले.
समोरून निळ्या ड्रेसमधली बाई रस्ता ओलांडत होती.
मग पुन्हा तीच. मग पुन्हा.
"बाबा, रस्ता मोकळा आहे."
"जाऊ देत," ते म्हणाले, "सगळ्या जाऊ देत,"
आणि ब्रेकवरचं बोट काढलं नाही.